वाल्मिरच्या वाट्याचा अनारसा

फ्रिजमध्ये अनारशाचं पीठ तयार आहे, आणि जावई गेला.

दोन आठवडे हे एकच वाक्य डोक्यात आहे. रडू काही येत नाही.

तांदूळ भिजत घातले तेव्हा तो होता. गूळ घालून पीठ मुरायला ठेवलं तेव्हाही होता. अधिक महिन्याचं जावयाचं वाण, म्हणून मी वेळेत तयारीला लागले होते.

ट्रेनिंग संपवून तो बूट सोडायला बेंचवर बसला, तो उठलाच नाही. हार्ट.

माझा जावई वाल्मिर. ब्राझीलचा. प्रोफेशनल फुटबॉलर, मिडफिल्डर.
तुमच्यापैकी पुष्कळांनी त्याला मेलबर्नजवळ आमच्या वेरिबीच्या घरी गणपतीत पंगत वाढताना पाहिलंय.

आमच्या लेकीने, अदितीने, त्याला पहिल्यांदा घरी आणलं, तेव्हा आमच्या ह्यांनी, म्हणजे पक्क्या क्रिकेटवाल्या माणसाने, सरळ विचारलं,
"आत्तापर्यंत गोल किती केलेस?"
"फोर, अंकल."
"या सीझनला?"
"नो, नो. ऑल माय लाइफ."
हे हळूच माझ्याकडे वळले. "अगं, मग हा करतो काय?"
अदिती उसळली. "बाबा, तो बॉल काढून घेतो आणि दुसऱ्याला देतो! तेच त्याचं काम आहे."
"अच्छा. म्हणजे नाइट वॉचमन."
ते नाव त्याला कायमचं चिकटलं. त्याला आवडायचंसुद्धा.

त्याचं गाव उसाच्या शेतांमधलं. शाळकरी वयातच एका क्लबने उचललं. स्टेडियमच्या पायऱ्यांखालच्या खोलीत सगळी मुलं ओळीने झोपायची. मग तिथली सेकंड डिव्हिजन. मग पोर्तुगालमधला एक छोटा क्लब, तिथे गुडघा गेला. ऑपरेशननंतर एक सीझन गोव्यात, तिथे तो हाताने जेवायला शिकला. मग मेलबर्न.
इथे अदिती फिजिओ. तोच गुडघा तिच्याकडे आला.

देशाच्या टीमने त्याला कधी बोलावलं नाही. पिवळी जर्सी होती त्याच्याकडे, दुकानातून घेतलेली.

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. अदिती म्हणाली, "आई, बॉलकडे बघूच नकोस. त्याच्याकडे बघ."

बघितलं.
बॉल यायच्या आधी तो मान वळवून दोन्ही खांद्यांवरून मागे बघून घ्यायचा. कोण कुठे मोकळं आहे ते. बॉल आला की एक टच, आणि दिला. टाळ्या पुढच्याला.

जेवायच्या टेबलावरही तेच. मला आमटी हवीय हे मला कळायच्या आत वाडगं माझ्यापुढे.

प्रोफेशनल काँट्रॅक्ट संपलं, तेव्हा शेवटच्या मॅचला त्याला शेवटची काही मिनिटंच खेळवलं. घरी येऊन त्याने बूट धुतले, वर्तमानपत्र कोंबून वाळत ठेवले, आणि पुढच्या आठवड्यात वेरिबीच्या लोकल क्लबात हजर झाला. खेळायला आणि शिकवायला.

तीन वर्षांपूर्वीच्या अधिक महिन्यात मी त्याला वाण दिलं. चांदीचं निरांजन, आणि ठरल्याप्रमाणे तेहतीस अनारसे.
दुसऱ्या दिवशी हा डबा घेऊन क्लबवर! आम्ही मॅचला पोचेपर्यंत सगळी टीम बोटांची खसखस चाटत होती.

मी चिडले. "अरे, वाण जावयाने खायचं असतं! असं गावभर वाटतात का?"
"आई, मी मिडफिल्डर. आला, दिला."
"निदान एक तरी खा, माझ्यासमोर."
डब्यात एकच उरला होता. गोलकीपर डॅरन, हा एवढा थोरला प्लंबर, त्याने तो उचलून ह्याच्या तोंडात कोंबला. "डू ॲज यू आर टोल्ड, मेट."

मी पुण्यात सिस्टर्सच्या शाळेत शिकले. वाल्मिर मैदानात पाऊल टाकताना छातीवर क्रॉस करायचा, तेव्हा मला शाळेचं चॅपल आठवायचं. फ्युनरलला सगळ्या प्रेअर्स मला पाठ होत्या. अदितीचे ओठ हलत नव्हते, म्हणून मी तिच्याही वाटच्या म्हटल्या, अगदी खणखणीत. नंतर लोक म्हणाले, यू आर सो स्ट्राँग.
स्ट्राँग कसली. पाठ होतं.

अदिती तेव्हापासून नीट जेवलेली नाही. कॉफी, आणि टोस्टचा कोपरा. परवा फ्रिज उघडून म्हणाली, "आई, थ्रो इट आउट. प्लीज."

टाकवेना. तळवेना. सुतक संपलं होतं, पण वाण आता द्यायचं कोणाला?

आज त्याच्या क्लबची होम गेम होती. तो गेल्यानंतरची पहिली.
सकाळी मी कढई चढवली. पहिला अनारसा तुपात हसला, पार विरघळला. दुसऱ्याला जाळी पडली. मग करत गेले.

अदिती दारात उभी होती. गाडीत मात्र डबा तिने मांडीवर घेतला.

मॅचआधी सगळे हाताला हात धरून गप्प उभे राहिले. त्याची पाच नंबरची जर्सी बेंचवर ठेवलेली. मॅच संपल्यावर अदितीने डबा डॅरनच्या हातात दिला. तो या हातातून त्या हातात जात पार टोकाला गेला आणि परत आला.

डॅरनने झाकण उघडून डबा तिच्यापुढे धरला. आत एकच अनारसा होता.
"दॅट्स वाल्मिर्स. नोबडी टच्ड इट."

तिने तो उचलला, आणि तिथेच चिखलाच्या कडेला उभी राहून खाल्ला. पूर्ण.

"गूळ थोडा जास्त झालाय, आई," म्हणाली.
"झालाय खरा," मी म्हटलं.

तिच्या हनुवटीला खसखस लागली होती. मी पुसली नाही.

वाल्मिर, बाळा, तुझं वाण पोचलं.
नीट जा. तुला आईचा नमस्कार.