आईचं प्लास्टर, माझे टाके

घरामागच्या लाकडी डेकवर स्वच्छ ऊन पडलं होतं, म्हणून आईने धुतलेलं पातळ कठड्यावर वाळत घातलं. ऊन दिसायला छान होतं, पण थंडी गोठवणारी होती. थोड्या वेळाने पाहिलं तर ते पत्र्यासारखं ताठ उभं. ते आत आणायला आई साध्या चपला घालून बाहेर गेली आणि घसरली. मी स्वयंपाकघरात होतो. धप्प आवाज आला आणि पाठोपाठ तिचा अगदी शांत स्वर.

“अरे, जरा बाहेर ये. घाई करू नकोस, नाहीतर तूही पडशील.”

उजवं मनगट मोडलं होतं. माझी बायको गावातल्या छोट्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती, त्यामुळे तिच्याच ओळखीतल्या माणसांनी आईला प्लास्टर घातलं. ही २००२ च्या हिवाळ्यातली गोष्ट.

आदल्या वर्षापर्यंत आम्ही कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला होतो. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो. तिथला आमचा अख्खा मजलाच रिकामा झाला, त्यात मीही बाहेर पडलो. बायकोला कोलोरॅडोच्या डोंगरातल्या या गावात नोकरी मिळाली आणि मी तिच्या व्हिसावर तिच्यासोबत आलो. त्या व्हिसावर मला काम करायची परवानगी नव्हती; एखाद्या कंपनीने नोकरी देऊन माझा वेगळा व्हिसा काढला तरच. मी घरी स्वयंपाक करायचो, बर्फ काढायचो आणि बायकोला गाडीने हॉस्पिटलात सोडून परत यायचो. कॅलिफोर्नियातल्या मित्रांचे फोन यायचे, “यार, तुझी मजा आहे, रोज स्कीइंग करत असशील.” मी हो म्हणायचो. स्की कशा दिसतात हे मी दुकानाच्या काचेतून पाहिलं होतं, तेवढंच.

बायकोला बाळंतपणाची मार्चमधली तारीख दिली होती. त्यासाठी आई नगरहून आली होती. बाबांना प्रवास झेपत नव्हता म्हणून ते मागे राहिले. आई शाळेत मराठी शिकवायची, आता निवृत्त होती. बॅगेत तिने लोणची आणि मसाल्यांबरोबर स्वतःची जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती पातळं आणली होती. बाळासाठी गोधडी शिवायची होती. पडली त्या दिवसापर्यंत थर एकावर एक घालून, कडा दुमडून काठाची पहिली फेरी तेवढी झाली होती.

दोन दिवस आई प्लास्टर उशीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “तू शीव.”

“मी?”

“मग काय, तिला बसवू? ती दिवसभर लोकांचे गुडघे वाकवून येते. तुला दोन हात आहेत आणि तू घरीच असतोस.”

‘घरीच असतोस’ हे तिने सहज म्हटलं. मला लागलं. पण तिच्यासमोर चिडून करणार काय? मी बसलो.

बैठकीच्या खोलीत कार्पेटवर गोधडी पसरली. चारही कोपऱ्यांवर राजम्याचे डबे ठेवले, म्हणजे कापड सरकायला नको. आई शेजारी खुर्चीत, प्लास्टरचा हात गळ्यातल्या झोळीत आणि डाव्या हातात लाटणं. लाटण्याच्या टोकाने ती दाखवायची. इथून वर काढ, इथून खाली घाल. साधा धावदोराच, त्यात शिकायचं काय, असं मला वाटलं होतं. पण सुई चार थरांतून एका रेषेत काढणं माझ्याच्याने होईना. वरून ओळ सरळ दिसायची आणि उलटी बाजू पाहिली की दारू पिऊन कोणी चालत गेल्यासारखी.

“उसव,” आई म्हणायची.

“चालतंय गं, बाळाला काय कळणार आहे?”

“बाळाला नाही कळणार. मला कळतंय ना. उसव.”

त्या हिवाळ्यात बर्फ थांबायलाच तयार नव्हता. सकाळी रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी गाडी जायची आणि घरापासून रस्त्यापर्यंतच्या आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फाची कमरेएवढी भिंत घालून जायची. ती फोडून बायकोला पोहोचवायचं, परत यायचं, बोटं गरम पाण्यात धरायची आणि मग सुईत दोरा ओवायचा. दुपारी वरण-भाताचा कुकर लावायचा आणि पुन्हा बसायचं. वर्गात जशी बोलायची तशी आई बोलत राहायची; बाबांनी फोनवर काय सांगितलं, बाळाचं नाव कुठल्या अक्षरावरून ठेवायचं नाही, असं काहीही. नोकरीचं मात्र तिने एकदाही विचारलं नाही. तोपर्यंत मी दिवसभर इंटरनेटवर नोकरीच्या जाहिराती बघत बसायचो, ते त्या दिवसांत आपोआप कमी झालं.

एकदा दुपारी दारावर थाप पडली. समोरच्या घरातली बाई होती. सत्तरीची, उंच, शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, एकटी राहणारी. तिच्याकडे बर्फ उडवायचं मशीन होतं आणि आमचा ड्राइव्हवे करून देऊ का असं ती विचारायला आली होती. दार उघडायच्या आधी मी गडबडीने सुई कुठेतरी खोचली आणि गोधडी सोफ्यामागे ढकलली. मोठा बाप्या माणूस शिवत बसलाय हे तिला दिसू नये, एवढाच विचार. बोलून परत आलो तर सुई सापडेना.

“कार्पेटमध्येच असणार,” आई म्हणाली. “कोणी पाऊल टाकायचं नाही. घरात गरोदर बाई आहे.”

मी गुडघ्यांवर रांगत शोधत होतो तेव्हा आमच्या ड्राइव्हवेवर मशीन चालवता चालवता शेजारीण खिडकीबाहेरून बघत होती. मशीन बंद करून ती पुन्हा दाराशी आली.

“काय हरवलं?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. “सुई,” मी म्हणालो.

ती घरी गेली आणि मुठीएवढं लोहचुंबक घेऊन आली. बूट काढून, दारापासून सुरुवात करून तिने कार्पेटवरून ते सावकाश फिरवलं. सोफ्याच्या पायाजवळ सुई टिक करून चिकटली. मग तिने सोफ्यामागची गोधडी ओढून काढली, उलटी केली आणि मागचे टाके पाहिले.

“हे कोणी केलं?”

“पहिली ओळ आईने. बाकीचं मी.”

“ते दिसतंय,” ती म्हणाली. आईला इंग्रजी बोलायचा सराव नव्हता, पण हे तिला बरोबर समजलं आणि ती पहिल्यांदाच, पडल्यापासून पहिल्यांदा, खळखळून हसली.

बाई स्वतः क्विल्ट, म्हणजे तिकडची गोधडी, शिवायची. तिच्या एका खोलीत लाकडी चौकटीवर ताणलेलं क्विल्ट वर्षभर असायचं. दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी येऊ लागली. तिला जमिनीवर बसता यायचं नाही, म्हणून गोधडी जेवणाच्या टेबलावर गेली. आणि वाद सुरू झाला. तिचं म्हणणं, शिवण नेहमी मधून सुरू करून बाहेर न्यायची, नाहीतर कापड सरकत सरकत मध्ये फुगा येतो. आईचं म्हणणं, गोधडी काठापासून आत जाते, फेरी घालत घालत. तिच्या आईने तशीच शिवली, आजीनेही तशीच.

“तिला सांग, फुगा येईल.”

“तिला सांग, माझ्या हाताने कधी आला नाही.”

“पण शिवतोय हा.”

मी मध्ये बसून दोन्ही बाजूंनी भाषांतर करत शिवत होतो. शेवटचं वाक्य मी आईला सांगितलं नाही.

फुगा आला. जानेवारीच्या अखेरीस फेऱ्या मध्याच्या जवळ पोहोचल्या तेव्हा वरचं कापड पुरीसारखं वर आलं. शेजारणीने हाताची घडी घातली. आईने लाटणं टेकवून बराच वेळ पाहिलं. मग मला जादा कापडाची बारीक चुणी घ्यायला लावली, ती सपाट दाबून त्यावर हिरव्या काठाचा एक चौकोनी तुकडा लावायला सांगितला. तो तुकडा मुद्दाम नक्षी म्हणून लावल्यासारखा दिसायला लागला.

“हं,” शेजारीण म्हणाली. “हे आमच्याकडे चालणार नाही. पण वाईट नाही.”

प्लास्टर निघालं, तरी आईची बोटं वाकेनात. बायको रात्री जेवल्यावर तिच्या हातात रबरी चेंडू द्यायची. “आई, दाबा. अजून. अजून दाबा.” आई म्हणायची, “अगं, पुरे आता, पेशंट नाही मी.” “आहात,” बायको म्हणायची.

फेब्रुवारीच्या मध्यावर बायकोचं ब्लडप्रेशर वाढलं. पाय सुजले, डोकं दुखायला लागलं. तिच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, इथे ठेवून चालणार नाही, डेन्व्हरला जा, आणि आजच जा, कारण संध्याकाळी मोठं वादळ येतंय आणि घाट बंद होईल. अॅम्ब्युलन्स निघायला अर्धा तास होता आणि बर्फाची भुरभुर सुरू झालीच होती. तिच्याबरोबर एकालाच जाता येत होतं.

तेवढ्या वेळात मी घरी येऊन बॅग भरली. आई दारात उभी.

“मी राहीन,” ती म्हणाली. “खिचडी डाव्या हाताने होते. तू जा.”

“लाईट गेले तर? फोन आला तर?”

तेवढ्यात शेजारीण रस्ता ओलांडून आली. काय झालं ते मी सांगितलं. तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाली, “जा. ती माझ्याकडे राहील.” आईकडे वळून तिने स्वतःच्या घराकडे बोट दाखवलं, मग झोपल्याची खूण केली. आईने मान हलवली.

घाट आमच्या मागे बंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सिझेरियन झालं. मुलगी. लहानखुरी, पण तब्येतीने ठीक. बायकोचं प्रेशर खाली यायला आणखी काही दिवस लागले. मी शेजारणीच्या घरी फोन केला तेव्हा आईने फोन हातात घेतला आणि ती नुसती रडत राहिली. मी म्हणालो, “आई, दोघी बऱ्या आहेत.” मग तिने नाक ओढलं आणि विचारलं, “केस आहेत का?”

आठवड्याने आम्ही मुलीला घेऊन परत आलो. आई शेजारणीकडेच होती. दोघी तिच्या क्विल्टच्या चौकटीशी बसल्या होत्या आणि चौकटीवर आमची गोधडी होती. शेजारणीचं स्वतःचं क्विल्ट गुंडाळून भिंतीशी उभं केलं होतं. मी जाताना आतल्या काही फेऱ्या राहिल्या होत्या, त्या पूर्ण झालेल्या दिसत होत्या. दोघींनी एकमेकींना काय आणि कसं सांगितलं, मला ठाऊक नाही. आईला नंतर विचारलं तर म्हणाली, “सांगायचं काय त्यात? लाटणं नेलं होतं मी.”

शेजारणीने फेऱ्या काठाकडूनच आत नेल्या होत्या. टाके तांदळाच्या दाण्याएवढे, एकसारखे. माझ्या ओळींच्या शेजारी ते पाहून मला जरा वाईटच वाटलं. तिने मुलीला हातात घेतलं, थोपटलं आणि मला म्हणाली, “तुझ्या आईची पद्धत चुकीची आहे. पण मी तिच्या पद्धतीनेच केलं. तिची गोधडी आहे.”

घरी आल्यावर आईने गोधडीवरून हात फिरवून पाहिला. डाव्या नाही, उजव्या हाताने. बोटं आता थोडी वाकत होती.

“टाके छान आहेत तिचे,” ती म्हणाली. “पण फार जवळजवळ. तेवढा भाग कडक झालाय. तुझा भाग मऊ आहे.”

मी बायकोकडे पाहिलं. ती मुलीला गोधडीवर ठेवत होती, मऊ भागावर.

एप्रिलमध्ये डेकवरचा बर्फ उतरू लागला. आईची परतीची तारीख जवळ आली होती. एक दिवस मी उरलेल्या पातळाचे तुकडे काढले आणि म्हटलं, “हे आहेत तर आणखी एक लहानशी शिवू का? तुझ्यासाठी, नगरला न्यायला.”

आई मुलीला मांडीवर घेऊन तेल लावत होती. वर न बघता म्हणाली, “नको. आता पुरे झालं शिवणं. हिला सांभाळ, आणि मधल्या वेळात नोकरीचं बघायला लाग.”

त्या उन्हाळ्यात मी पुन्हा अर्ज पाठवायला लागलो. काम मिळायला वर्ष गेलं. ते दूर दुसऱ्या राज्यात, बॉथेलला मिळालं आणि आम्ही डोंगर सोडले. निघायच्या दिवशी शेजारणीने लोहचुंबक मुलीच्या खेळण्यांच्या डब्यात टाकलं. बायकोने ते लगेच बाहेर काढलं. मुलगी सगळं तोंडात घालायची, त्या वयात.