चादरी वाळवायला भिंत फोडली

पांढऱ्या चादरीला कुबट वास लवकर लागतो. का ते मला माहीत नाही, मी चौथीपर्यंतच शिकले. पण एका खासगी दवाखान्याच्या चादरी मी घरी धूत होते, आणि त्या वर्षी नागपुरात पावसाची झड लागली ती काही सुटेचना. दोरीवर चादरी नुसत्या लोंबत राहायच्या. शेवटी दवाखान्याच्या मोठ्या सिस्टरने गठ्ठा नाकाशी नेला आणि माझ्याच हातात परत दिला.

"बाई, यावर पेशंट झोपतात. परवाही अशाच आणल्या तर काम धरमपेठेतल्या लाँड्रीला देईन."

ती चुकीचं बोलली नाही. पण ते काम गेलं असतं तर माझ्याकडे दुसरं नव्हतं.

घरी येऊन मी चादरी पुन्हा धुतल्या, मागच्या खोलीत दोऱ्या बांधून त्यांवर टाकल्या, कोळशाच्या दोन शेगड्या पेटवल्या आणि दार-खिडकी लावून घेतली. थोड्या वेळाने दार उघडलं तर आतल्या धुरकट हवेने डोकं गरगरलं. भिंतींवरून पाणी ओघळत होतं. चादरी गरम होत्या आणि ओल्या होत्या.

नवरा मिलमधून आला. शेगड्या बाहेर काढून त्याने भिंतीला हात लावून पाहिला. "चादरीतलं पाणी निघून तर राहिलं. पण जाईन कुठं? त्याले बाहेर जायले रस्ता पाहिजे."

"मग पाडा भोक."

"भिंतीले?"

"नाही तर काय माझ्या डोक्याले? घर आपलं आहे, कोणाले विचारायचं आहे?"

तो हसला, आणि त्याची नजर कोपऱ्यात गेली. तिथे आमचा कूलर पोतं पांघरून उभा होता. पावसाळ्यात त्याला कोण विचारतो! पण त्याच्या पोटात चांगला दणकट पंखा होता. दोघांच्या मनात एकदमच आलं. मी पोतं ओढून फेकलं, जेवण तसंच राहिलं.

भिंत विटांची, पण सांधे मातीचे. त्याने सब्बल, म्हणजे लोखंडी पहार मारली, मी विटा ओढून काढल्या. बाहेर गल्लीत पहिली वीट पडली तशी समोरची बाई खिडकीत आली.

"काहून वं, आपल्याच घरात चोरी करून राहिली का?"

"हो. तू पोलीस बोलाव, त्यालेही सब्बल देते!"

दोन्हीकडून कापलेला पत्र्याचा ड्रम भोकातून आरपार घातला. बाहेरच्या बाजूला जरा उतार दिला, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. फटी सिमेंटने भरल्या. ड्रमच्या बाहेरच्या तोंडावर वरून बिजागरी लावून पत्र्याचं झाकण टांगलं. हवा सुटली की ते उचललं जाणार, पंखा बंद केला की आपोआप पडणार. हे झाकण त्याच्या डोक्यातून निघालं. मला ते इतकं आवडलं की मी बोटाने चार वेळा वरखाली करून पाहिलं.

आतल्या तोंडावर पंखा बसवला. शेगड्या पुन्हा पेटवल्या, चादरी टांगल्या आणि मी झाकण पाहायला गल्लीत पळाले. छत्री विसरले.

"लावला!" तो आतून ओरडला.

झाकण हललंसुद्धा नाही.

"उघडलं का?"

"नाही!"

"नीट पाह्य!"

"डोळे आहेत मले!"

समोरच्या खिडकीतून आवाज आला, "नारळ फोड वं, नारळ!"

मी आत गेले तर शेगडीची राख खोलीभर उडत होती. मी पदर पंख्यासमोर धरला. तो उलटा माझ्याच तोंडावर आला. मग मला कळलं. या गावात पंखा भिंतीत बसवायचा म्हणजे गार हवा आत घ्यायला, हात तसेच चालतात. त्याने सवयीने तसाच बसवला होता.

"अहो, भर पावसात कूलर लावून ठेवला तुम्ही!"

त्याने बटण बंद केलं, वायर काढली आणि पंखा उलटा केला. पावसाचं पाणी अडवायला दाराखाली लावलेली फळीही काढली, म्हणजे बाहेरची हवा आत यायला जागा झाली. मी पुन्हा गल्लीत. या वेळी झाकण ताडकन वर गेलं आणि गरम, ओली वाफ भसाभसा बाहेर आली. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. समोरच्या बाईने टाळ्या वाजवल्या आणि लगेच घरातले ओले कपडे घेऊन वाफेसमोर उभी राहिली. मी म्हटलं, "ओली हवा आहे वं ती, त्यात काय वाळते तुझं?" पण ती हटली नाही.

रात्री उशिरापर्यंत चादरी कडकडीत वाळल्या. दुसऱ्या दिवशी मेणकापडात गुंडाळून दवाखान्यात नेल्या. मोठी सिस्टर हुशार, वरची चादर सोडून तिने गठ्ठ्याच्या मधोमध हात घातला. मग वास घेतला.

"बाई, या झडीत कशा वाळवल्या?"

"भिंत फोडून."

तिला थट्टा वाटली. तिने लाँड्रीला द्यायला बांधलेला दुसरा गठ्ठा ओढून माझ्याकडे सरकवला. "ऑपरेशनचे कपडेही तुम्हीच न्या मग."

मी हो म्हटलं आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना लक्षात आलं की खोलीत तेवढ्या दोऱ्याच नाहीत. गठ्ठा डोक्यावर घेऊन मी तशीच दोरीवाल्याच्या दुकानाकडे निघाले.