कारखान्यात उरलेले आणि गेलेले

लोखंडी कपाटांना फवारून रंग देणाऱ्या कारखान्यात दोघे सख्खे भाऊ कामाला होते. थोरल्याचा हात इतका साफ की सगळे त्याला मास्तर म्हणत. चाळिशीच्या आतच मास्तरांना धाप लागायला लागली. शेवटी काम सोडून त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत इस्त्रीचं दुकान टाकलं. धाकटा तिथेच राहिला. त्याला साधा खोकलाही नाही. "दादाला कामाचा कंटाळा आला, दुसरं काय!" असं तो चारचौघांत म्हणायचा. मास्तर ऐकून घेत.

पुढे एक डॉक्टरीणबाई कारखान्यात तपासणीला आल्या. अंगात अमुक एक जनुक असलं की रंगाची वाफ जास्त बाधते का, हे त्यांना बघायचं होतं. कामगारांचं रक्त घेतलं, नळीत फुंकायला लावलं. जनुक असलेले, नसलेले, सगळे सारखेच ठणठणीत. धाकट्यातही ते जनुक निघालं. तो घरी आला तो सांगतच, "काही बाधत नाही, वहिनी. पोरीला लावून टाकू माझ्या खात्यात."

मास्तरांची लेक कामाच्या शोधातच होती. बोलणी पक्की व्हायच्या आत बाई दुकानात हजर झाल्या.

"मास्तर, तुमचं रक्त हवंय."

"मी तर केव्हाच सोडलं. माझं काय घेऊन बसलात?"

"सोडलंत म्हणूनच आले. नव्या पोरांत ते जनुक बऱ्याच जणांत आहे, जुन्यांत मात्र एखाद्यातच. बाकीचे गेले कुठे? ज्यांना सोसलं तेवढेच मी तपासले. चुकलंच माझं."

मास्तरांनी इस्त्री बाजूला ठेवली. काम सोडलेल्यांची घरं त्यांना ठाऊक होती. थांबत, दम खात ते बाईंबरोबर फिरले. एक पहारेकरी झाला होता, एक अंथरुणाला खिळलेला.

या सगळ्यांचंही रक्त तपासून, त्यांना धरून हिशेब मांडला तेव्हा चित्र पालटलं. जनुक असलेल्या जुन्या कामगारांपैकी बहुतेकांची छाती कामातून गेलेली होती, नसलेल्यांत एखाद्याचीच. मास्तर त्यातलेच. धाकट्याला नशिबाने हात दिला होता.

मास्तर बायकोला म्हणाले, "म्हणजे मी कामचुकार नव्हतो."

"मला कधी वाटलं होतं?" ती म्हणाली.

लेक शिलाईच्या कामाला लागली. धाकट्याने मालकाकडे खातं बदलून मागितलं. मालकाने वर्षभर टोलवलं, मग दिलं.