आखूड धरलेली झील

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला सांगितली नाही, आईला नाही. देवापुढं बोलायचा तर प्रश्नच नव्हता — देव तिथंच होता, त्यानं सगळं पाहिलेलं आहे. मग आज तुम्हाला का सांगतेय? मलाही नीट कळलेलं नाही. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, हे एक बरं आहे. आणि गेल्या दिवाळीत गावी जे झालं, त्यानंतर — पण नको, ते शेवटी. आधी जरा मागं जाऊन येते. एकदम त्या जागेवर जायचं म्हटलं की माझे पाय अडतात.

मी सोलापुरात एका लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांचं रक्त काढते. माझा हात हलका आहे म्हणतात, लहान मुलं माझ्याकडं रडत नाहीत. सुरेखा म्हणजे चांगली बाई, असं माझ्याबद्दल एकंदर मत आहे. मी ते खोडायला जात नाही.

आमचं मूळ गाव सांगोल्याकडचं. घरात मेंढरं. वडील नोकरीसाठी सोलापुरात आले, पण त्यांचे थोरले भाऊ — आमचे तात्या — मेंढरांमागंच राहिले, मेंढरांमागं आणि ओव्यांमागं. धनगरी ओवीत तात्यांचं त्या भागात मोठं नाव होतं, आणि ते आहे हे तात्यांना चांगलं माहीत होतं. कानावर हात ठेवून त्यांनी पहिला सूर लावला की माळावरची मेंढरंसुद्धा मान वर करतात, असं मला लहानपणी वाटायचं. मेंढरं कशालाही मान वर करतात, हे पुढं कळलं.

ज्यांनी ओवी ऐकली नाही त्यांच्यासाठी एवढं सांगते. घोंगडीवर बसून एकजण देवाची कथा गातो. ओळ संपत आली की मागं बसलेले तिचा शेवटचा सूर उचलतात आणि लांबवत नेतात. त्याला झील धरणं म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं ही नुसती साथ. पण गाणाऱ्याला तेवढ्यातच श्वास घ्यायचा असतो, तेवढ्यातच पुढची ओळ शोधायची असते — ओवी नुसती पाठ असून भागत नाही, ती तिथल्या तिथं जुळवावी लागते. झील भरदार असली की गाणारा निश्चिंत असतो. झील आखूड पडली तर? तर तो सगळ्यांसमोर उघडा पडतो, आणि लोकांना वाटतं, ह्यालाच येत नाही.

हे मला कुणी शिकवलं नाही. सुट्टीत गावी गेले की मी घोंगडीच्या कडेला उभी राहून ऐकायचे, आणि ऐकून ऐकून सगळं माझ्यात येऊन बसलं होतं. एकदा धीर करून म्हणून दाखवलं. तात्या मायेनं हसले. "आपल्यात पोरी घोंगडीवर बसत न्हाईत, सुरे. तू आपली च्या आण जा." मी चहा आणला. पुढं कितीतरी वर्षं आणत राहिले.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना मारेत आली. एस्टोनियाची — तो देश मी आधी नकाशात शोधला. ती तिकडं संगीत शिकत होती आणि एक वर्ष इथं राहून ओवी शिकायची म्हणून आली होती. तिच्या देशातल्या जुन्या गाण्यांतही एक बाई गाते आणि बाकीच्या जणी ओळीचं शेपूट धरतात. आमच्या ओवीचं रेकॉर्डिंग तिनं कुठंतरी ऐकलं आणि थेट माग काढत सोलापूर गाठलं. तात्या माझे चुलते आहेत हे आमच्या कॉलेजातल्या सरांना ठाऊक होतं. मग तिची कॉट आमच्या घरी, माझ्याच खोलीत पडली.

मारेत हे नाव तात्यांच्या तोंडात बसेना, त्यांनी तिची मालन करून टाकली. पहिल्याच दिवशी त्यांनी घोंगडीवर हात थोपटला. "बस, मालन. हितं, म्होरं बस." मी कपबशा घेऊन उभी होते. हसत हसतच विचारलं, तात्या, आता पोरी चालतात व्हय? "ती पावणी हाय," तात्या म्हणाले. "तिचं येगळं."

तिचं येगळं. ह्या दोन शब्दांवर मी किती दिवस झोपले आणि उठले, काय सांगू.

आणि तरीही — हेच तर अवघड आहे — माझा तिच्यावर जीव होता. खोटं नाही सांगत. ते वर्ष आठवलं की मला अजून गुंगी येते. शनिवारी आम्ही एसटीनं गावी जायचो. ती माझ्या आईच्या जुन्या चपला घालून मेंढरांमागं चालायची. दुपारी बाभळीच्या फाटक्या सावलीत आम्ही आडव्या व्हायचो. लोकरीचा वास, लांब कुठंतरी घुंगरं, आणि तात्यांचा आवाज — ते खरंच गातायत की मी झोपेत ऐकतेय, कळायचं नाही. डोळे उघडले तर मेंढरं पुढं सरकलेली असायची, आणि वाटायचं की मेंढरं तिथंच आहेत, आपलंच झाड मागं गेलंय.

सोलापुरात असलो की संध्याकाळी गच्चीवर. पाणी मारून फरशी निववायची आणि उताणं पडायचं. पलीकडच्या बोळात यंत्रमागांची खटखट, शेजारच्या घरातलं तेलुगू बोलणं, आणि त्यातून वर येणारा मालनचा आवाज. ती तिच्याकडची गाणी म्हणायची. मला अर्थ कळायचा नाही, पण ओळ संपत आली की मी शेवट उचलायचे आणि नेत राहायचे — नेत राहायचे — इतकं लांब की ती हसायला लागायची, आणि मग सावकाश पुढची ओळ घ्यायची. समुद्रात उगवलेल्या एका झाडाचं गाणं होतं. मी तेव्हा समुद्र पाहिलेला नव्हता, पण ते झाड मला दिसायचं. तिचं मराठी सगळं तात्यांच्या तोंडचं. एकदा म्हणाली, "तू मागं हाय म्हनून मला भ्या न्हाय वाटत." परदेशी पोरीच्या तोंडून ती सांगोल्याची भाषा ऐकून मी पोट धरून हसले. आता हसू येत नाही.

वर्ष संपत आलं तेव्हा गावच्या बिरोबाच्या जत्रेत मालनला घोंगडीवर बसवायचं, असं तात्यांनी जाहीर केलं. पावणी गाणार म्हणून सगळे खूश. अडलं ते झीलकऱ्यांचं. "पावणीनं गावं की," ते म्हणाले, "पर बाईच्या मागं आमी झील धरायची न्हाय." तात्या म्हणाले, "मग आमची सुरी धरंल. तिला येतंय की."

तिला येतंय की.

म्हणजे त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं कडेला उभ्या असलेल्या पोरीला येतंय, हे त्यांना माहीत होतं, आणि ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. मी नुसती होय म्हणून मान हलवली. त्याच रंगात तात्या पुढं असंही म्हणाले, की मालनचं निभावलं तर फुडच्या जत्रंला आपल्या पोरींचं बी बघू. गावातल्या दोन-तीन पोरी तिथंच घुटमळत होत्या, त्यांचे चेहरे एकदम उजळले. म्हणजे बघा, त्या दिवशी मालन एकटी गाणार नव्हती. आम्हा सगळ्यांचंच त्यात होतं, आणि त्यात सगळ्यात आधी माझं.

जत्रेच्या दिवशी उन्हं कलल्यावर आम्ही बसलो. भंडारा उधळून उधळून हवा पिवळी झाली होती. माणसं, ढोल, देवळाचा कळस — सगळं त्या पिवळ्यात तरंगत होतं. ढोल थांबले. मालननं कानावर हात ठेवला. बिरोबाच्या बाळपणीचा एक छोटा भाग तिनं घेतला होता. पहिली ओळ आली, मी झील धरली — भरदार, जशी गच्चीवर धरायचे तशी. दुसरी आली. लोक गप्प झाले. तंबाखू मळणारे हात थांबले. चांगलं गात होती हो ती. जिभेवर ळ नीट बसत नव्हता, पण देव तिच्या गळ्यात उतरला होता. आणि मीही गात होते. आयुष्यात पहिल्यांदा घोंगडीवर बसून गात होते.

तात्यांचे डोळे भरून आले. त्यांनी मुठीत भंडारा घेतला, मालनच्या कपाळाला लावला आणि म्हणाले, "शाबास, माजी लेक."

मला नाही. मी तिच्या मागं, हाताच्या अंतरावर होते. मला त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

पुढची झील मी आखूड धरली.

आता हे सांगितलं. आता थांबता येणार नाही. चुकून झालं असं म्हणायला मला फार आवडेल — घसा कोरडा पडला, भंडारा नाकात गेला, काहीही. पहिली आखूड झील कदाचित रागाच्या भरात गेलीही असेल. पण त्यानंतरची? ती मी मोजून मापून तोडली. घागर दुसऱ्याच्या हातात नीट जायच्या आधीच सोडावी, तशी. अगदी थोडी आधी. लोकांना काहीच कळलं नाही — झील कोण ऐकतं? मालनला कळलं. तिचा श्वास अर्धा राहिला आणि शब्द पुढंमागं झाले. तिनं सावरलं. मी पुन्हा तोडली. मग तिला ओळच सापडेना. तीच ओळ तिनं दोनदा घेतली आणि मागं कुणीतरी हसलं. तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. नजरेत राग नव्हता. ती नुसती वाट पाहत होती, की मी उचलीन. गच्चीवर उचलायचे तसं. मी ओठ मिटून घेतले आणि खाली बघितलं.

ती थांबली.

देवाची ओवी अर्धी ठेवायची नसते. तात्यांनी झटक्यात ती उचलली, त्यांच्या झीलकऱ्यांनी मागून साथ दिली, आणि ओवी पार पडली. नंतर उठताना तात्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "बायकांचा दम पुरत न्हाय. म्हनून आपल्यात ती रीत न्हाय." त्यांना वाईट वाटलं होतं, चेहराच सांगत होता. मालन त्यांच्या पाया पडली. "माजा दम न्हाय पुरला, तात्या," ती म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं, की मला झाकत होती? मी तिला कधी विचारलं नाही. एसटीत ती खिडकीशी बसली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मी तो खांदा हलू दिला नाही. एवढी मी चांगली.

ठरल्यापेक्षा लवकरच ती परत गेली. नव्या वर्षाला अजून मेसेज पाठवते, बर्फाचे फोटो असतात. ओवी सोडली, असं तिनं एकदा लिहिलं होतं. नुसती ओवी नाही, गाणंच. ते वाचून मी लॅबमध्ये गेले आणि नेहमीसारखं काम केलं.

आणि गावात त्यानंतर एकही पोर घोंगडीवर बसली नाही. कुणी विषय काढला की मालनचं उदाहरण तयारच असतं.

आता दिवाळीचं. तात्या थकलेत. त्यांच्या झीलकऱ्यांतला आता कुणीच उरला नाही, आवाजही बसत चाललाय. घरातल्या मुलांना ओवीत रस नाही. त्यांची नात रेणू मात्र गाते. शेरडं सोडताना गाते, भांडी घासताना गाते, आणि तिचा गळा — मी सुईसारखा बारीक आवाजही ओळखते, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवा — तिचा गळा तात्यांचा आहे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही अंगणात बसलो होतो. तिनं तात्यांना सरळच विचारलं, मला शिकवता का म्हणून. तात्यांनी माझ्याकडं बोट केलं. "हिला इचार. झीलीला हीच हुती. मालनचा दम कसा तुटला ते हिनं जवळनं बघितलंय."

"खरं व्हय, आत्या?" रेणू म्हणाली. "पोरींचा दम पुरत न्हाय?"

तात्याही माझ्याकडं बघत होते. मला त्यांचं ते बघणं समजलं, म्हणून तर हे सांगतेय. त्यांना मी ‘नाही, ते खोटं आहे’ असं म्हणायला हवं होतं. त्यांच्या मागं ओवी धरायला कुणी उरणार नव्हतं आणि समोर रेणू होती. त्यांना फक्त एक निमित्त पाहिजे होतं, आणि ते माझ्याकडं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण त्या वाक्यात मी आले असते.

शहरात मी तशी बोलत नाही. पण त्या दिवशी मुद्दाम गावच्या बोलीत बोलले, म्हणजे पोरीला पटावं.

"व्हय," मी म्हणाले. "न्हाय पुरत."

रेणू बरं म्हणाली. तात्यांनी मान खाली घातली आणि बसल्या जागी काडीनं जमीन उकरत राहिले. तिनं पुन्हा विचारलं नाही. तिचा नंबर माझ्याकडं आहे. मी अजून फोन केलेला नाही.