धाकट्याची सही
विभूतीचा वास आला की तालुक्याची कचेरी आठवते. आमच्या इनामदार जंगम घराण्यात जमीन थोरल्याला ठेवायची आणि धाकटा मठाला द्यायचा, अशी रीत होती. एकोणीस वर्षांचा धाकटा भाऊ हक्कसोडपत्रावर सही करायला आला, तेव्हा त्याच्या कपाळावरची विभूती घामानं ओघळत होती. कारकुनानं विचारलं, "राजीखुशीनं सोडताय नव्हं?" त्यानं वडिलांकडं नाही, माझ्याकडं पाहिलं. मी शब्द टाकला असता तर वडील थांबले असते. मी भिंतीवरच्या नोटिसा वाचत राहिलो. "व्हय," म्हणत त्यानं सही केली. बाहेर आल्यावर एवढंच बोलला, "दादा, आईला जप." आता तो मठाचा स्वामी आहे. दर्शनाला गेलो की मी त्याच्या पायांवर वाकतो, पण मान वर करून त्याच्या डोळ्यांत बघायचं धाडस अजून होत नाही.