झिऱ्याकाठचं डेव्हलपमेंट

आमचे हे ग्रामसेवक. त्यांच्या सायकलवरून रोज संध्याकाळी दोन गोष्टी घरात येतात: फुफाटा आणि किस्से. फुफाटा मी झाडून काढते. किस्से मात्र साचत जातात! त्यात मी नवी नवरी, चार माणसांत तोंड उघडायचं नाही. आणि जी बोलत नाही तिला ऐकूही येत नाही, असा रिसोडच्या ब्लॉक ऑफिसातल्या साहेबांचा ठाम समज आहे.

आमच्या गावची विहीर ढासळली, तेव्हापासून बायका नदीतल्या झिऱ्यावर जातात. झिरा म्हणजे वाळूत उकरलेला खड्डा. तळाशी पाझर साचतो, तो वाटीनं उपसून घागर भरायची. नंबर धरायचा आणि ज्याचं त्यानं उपसायचं. अंगावरची हळद उतरायच्या आत मीही त्या रांगेत बसले.

साहेबांनी पहिल्याच सभेत सांगितलं, "आता राज्य तुमचं आहे. काय हवं ते मागा!"

शेजारच्या गुणाबाई उठल्या. "विहीर पाह्यजे, सायब."

"विहीर दुसऱ्या खात्याकडे. आमच्याकडे सध्या रेडिओ आहे."

*

रेडिओ आला. चावडीवर, बॅटरीसकट, हार घालून! पहिल्याच दिवशी आतला माणूस सांगू लागला की विहिरीच्या पाण्यात लाल औषध टाकावं.

गुणाबाई पुढे सरकल्या. "औषध ठेव म्हना बाजूले. विहीर कधी येते, ते इचारा त्याले!"

आमचे हे म्हणाले, "काकू, तो नुसता बोलतो. त्याला ऐकू येत नाही."

"अस्सं! म्हंजे सायबाच्याच हापिसातला हाये."

*

मग चावडीमागे संडास बांधला. पांढराशुभ्र. मोठ्या साहेबांच्या हस्ते उद्घाटन व्हायचं म्हणून त्याला कुलूप, आणि किल्ली रिसोडला. तोवर साहेबांनी बाहेरूनच डेमॉन्स्ट्रेशन दिलं. हातवारे करून!

"वापर झाला की बादलीभर पाणी ओतायचं. सगळं साफ!"

"बादली हाये आमच्याकडं," गुणाबाई म्हणाल्या. "पुढचं बोला."

उद्घाटन अजून व्हायचं आहे. आत पाल व्याली आहे, असं फटीतून दिसतं.

*

त्यानंतर बिनधुराची चूल! घरोघरी. माती आमची, धुराडं सरकारचं. चूल दिसायला झकास, पण सगळीकडून बंद. ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरवून निखाऱ्याशी उभी करायची, तर निखारा पुढे ओढायला जागाच नाही! बायकांनी दोन दिवस कच्च्या भाकरीवरून नवऱ्यांची बोलणी खाल्ली. तिसऱ्या दिवशी नव्या चुलीला हळदकुंकू वाहून नमस्कार केला, आणि परसात जुनी पेटवली.

पुढच्या खेपेला साहेब फोटोवाला घेऊन आले. गुणाबाईंच्या घरात शिरून त्यांनी धुराड्यात बोट फिरवलं. बोट स्वच्छ!

"बघा! इतके दिवस वापरून काजळीचा कण नाही! याला म्हणतात विज्ञान!"

मी दाराआड पदर तोंडात कोंबला. गुणाबाई मात्र गंभीर.

"धा वर्सं काजळी धरत नाही ते, सायब. ग्यारंटी देतो!"

फोटो निघाला. त्यात साहेब, बोट आणि धुराडं आहे. गुणाबाई नाहीत. त्या तोवर घागर घेऊन निघाल्या होत्या.

*

आणि मग वैशाखात जीप आली. नवी कोरी! आमचं गाव ब्लॉकमधलं 'आदर्श गाव' ठरल्याचं सांगायला साहेब स्वतः आले होते. भाषण झालं, टाळ्या झाल्या. जीप निघाली आणि आमच्या दारासमोरच तिच्या नाकातून वाफ उसळली. ड्रायव्हरनं घाईनं झाकण उघडलं आणि हात भाजून घेतला. आमचे हे सायकल काढून त्याच्यासाठी मलम आणायला पळाले.

"पाणी! लवकर पाणी आणा!" साहेब ओरडले.

गुणाबाईंनी तांब्या आणला. सोबत गुळाचा खडा. साहेब घटाघटा प्याले. "आता गाडीला द्या."

"मानसाले पाणी नाही म्हनलं तं पाप लागते, सायब. गाडीले कायले देऊ? संध्याकाळचा सैपाक व्हायचा हाये. झिरा तिकडं हाये."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. पुरुष माणसं चावडीतल्या पेढ्यांकडे पांगली होती. मी गुपचूप माझी घागर आणि वाटी त्यांच्यासमोर ठेवली, आणि माझ्या नंबराला दुसरी घागर घेऊन गुणाबाईंसोबत मागोमाग गेले.

झिऱ्यावर साहेब सरळ पुढे घुसले.

"ओ सायब, नंबर!"

"अहो, मी ब्लॉक डेव्हलपमेंट ऑफिसर आहे!"

"असान. पन तुमच्या आंधी शेवंता हाये," गुणाबाई म्हणाल्या. "अन् शेवंताच्या आंधी तिची सासू."

साहेब हॅट काढून वाळूत बसले. नंबर लागला, तशी घाईनं त्यांनी वाटी थेट तळाला खरडली. सगळा झिरा गढूळ!

"झालं!" शेवंता करवादली. "आता निवळेस्तोवर बसा समदे!"

सगळ्या बसल्या. साहेबही बसले. पाणी निवळलं, तसं साहेबांनी जपून, वरवरचं, वाटी वाटी करून घागर भरली. खांद्यावर घेऊन चढ चढले. कोट भिजला, पँटला चिखल लागला.

ड्रायव्हरनं बऱ्या हातानं घागर जीपच्या नाकात पालथी केली. कान लावून ऐकलं. मान हलवली.

"सायब, आनखी एक घागर लागते."