इटालियन डॉक्टरचा प्रॉम्प्टर

आमच्या कपाटाच्या वरच्या खणाला कुलूप आहे, आणि त्यात दागिने नाहीत. त्यात माझ्या डीव्हीडी आहेत. जुन्या इटालियन टीव्ही मालिका, त्याही फक्त खुनाच्या. काळ्या-पांढऱ्या, संथ, तिकडच्या कुणा हौशी मंडळींनी धूळ झटकून डिस्कवर उतरवलेल्या, खाली इंग्रजीत संवाद लिहिलेले. नागपूरला जुन्या डिस्कच्या ढिगात त्यातली पहिली हाती लागली, आणि त्यानंतर आमच्या बल्लारपूरच्या कुरिअरवाल्याला माझा पत्ता पाठ झाला. नवरा कोळशाच्या खाणीत आहे. तो म्हणतो, "बायका सोनं घेतेत, तू मुडदे जमवून राह्यली." हौसेला मोल नसतं, एवढंच मी त्याला ऐकवते.

पाहण्याचे माझे नियम कडक होते. मधे कोणी बोलायचं नाही. शेजारच्या काकू येऊन बसल्या तर खालचा मजकूर मी त्यांना मराठीत सांगायची, पण त्यातलं अक्षरही इकडचं तिकडे होऊ द्यायची नाही. काकू दहा मिनिटांत पेंगायच्या. तो माझा दोष आहे असं मला कधी वाटलं नाही.

मग मामाजी आले.

मामाजी म्हणजे माझे सासरे. सिंदेवाहीजवळ त्यांची धानाची शेती, पण धान निघालं की होळीपर्यंत ते झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर. इकडे आज या गावात एक नाटक, उद्या त्या गावात दुसरं. तालमीला सवड कोणाला? नट गोष्ट तेवढी डोक्यात ठेवून स्टेजवर चढतात आणि बाकीचा भार विंगेत पुस्तक घेऊन बसलेल्या माणसावर टाकतात. मामाजींनी जन्मभर तो भार वाहिला. राजे, डाकू, सासुरवाशिणी, सगळे त्यांच्याच तोंडचं बोलले.

पण कान गेले. ज्याला ऐकू कमी येतं त्याला स्वतःची कुजबुजही ऐकू येत नाही. मामाजींची कुजबुज आधी पहिल्या रांगेत पोचली, मग पाचव्या. एका गावात नायक मरता मरता शेवटचं वाक्य आठवत होता, तर पब्लिकनंच ते त्याच्याआधी म्हणून टाकलं आणि वर टाळ्या वाजवल्या. गेल्या हंगामाआधी कंपनीचा माणूस घरी आला, चहा प्यायला आणि गोडीत सांगून गेला, "भाऊ, यंदा आराम करा."

मामाजी भांडले नाहीत. आमच्याकडे राहायला आले. टॉर्च, मफलर आणि गळ्यासाठी खडीसाखर अशी हंगामाची भरलेली पिशवी त्यांनी खुंटीला लावली आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले. काही विचारलं की "हो" किंवा "नाई". बोलण्यावरच जगलेला माणूस असा गप्प झालेला मला बघवत नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यांचा रागही यायचा. घरात सुतक असल्यासारखं किती दिवस वावरायचं?

एका रविवारी संध्याकाळी मी नवीन मालिका लावली. सहा भागांची. एका श्रीमंत विधवेचा खून होतो, आणि संशय तिच्या दिरावर, मोलकरणीवर आणि घरच्या डॉक्टरवर. पहिल्याच प्रवेशात दिरानं दार आपटलं आणि अख्खी भिंत हलली.

"भित नाई ते," मागून आवाज आला. "पडदा आहे."

मामाजी वळून बसले होते. खरंच होतं ते. या मालिका स्टुडिओतच खोल्या उभ्या करून काढलेल्या, जवळजवळ नाटकासारख्या. मी मान हलवली आणि पुढे पाहू लागले. इन्स्पेक्टरनं डॉक्टरला विचारलं, त्या रात्री तुम्ही कुठे होता? डॉक्टर थांबला. नजर खाली, हातात हॅट. अशा मालिकांची सगळी गंमत अशा थांबण्यातच असते. मी श्वास रोखून बसले.

"मी त्या रात्री माझ्या पेशंटच्या उशाशी होतो, साहेब!"

मी खुर्चीतून उडालेच. ही मामाजींची कुजबुज. ती ऐकून काकू अंगणातून आत आल्या.

"मामाजी, हे काय?"

"अवं, तो अडकला नं! तोंड पाह्य त्याचं. ओळ नाई आठवून राह्यली त्याले, अन् कोनीच काऊन नाई सांगून राह्यलं?"

मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं की तो अडकला नाही, मुद्दाम थांबला आहे.

"मुद्दाम?" मामाजींना ते पटेना. "पब्लिकसमोर मुद्दाम कोन थांबते?"

झालं. पुढच्या रविवारी काकू आपल्याबरोबर गल्लीतल्या चार बायका घेऊन आल्या. मामाजींनी दाढी केली होती. इटालियन माणूस जरा कुठे थांबला की मामाजी त्याला ओळ द्यायचे, आणि ओळी तरी कशा, पल्लेदार, टाळ्या घेणाऱ्या. मी खालचा खरा अर्थ सांगायला गेले, तर काकू म्हणाल्या, "तू थांब वं, भाऊले सांगू दे." भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली. माझ्या पैशाची डिस्क, माझा टीव्ही, आणि मलाच गप्प बसवतात! पण त्याच रात्री मामाजींनी भात दोनदा मागून घेतला. जेवता जेवता सांगू लागले, "नट कानानं नाई आयकत, डोयानं आयकते. जनरेटरच्या आवाजात त्याले का आयकू येईन? तो आपले ओठ पाहते." मी नुसती वाढत राहिले. इतकं ते आमच्या घरात पहिल्यांदाच बोलले होते.

गोची वेगळीच होती. मामाजींनी डॉक्टरला संत करून ठेवलं होतं. त्याचा चेहरा मायाळू, म्हणून पाच रविवार त्याच्या तोंडी फक्त त्याग आणि सेवा. बायका त्याच्यावर जीव टाकू लागल्या होत्या. शेवटचा भाग मी आधीच एकटीनं पाहिला. खुनी डॉक्टरच होता. त्याला त्या बाईचं घर हवं होतं.

डिस्क खराब झाली म्हणून सांगावं असं फार वाटलं. पण मामाजी धुतलेला सदरा घालून बसले होते आणि खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती.

शेवटचा प्रवेश आला. डॉक्टरच्याच बॅगेतून विषाची बाटली निघाली. इन्स्पेक्टरनं बेड्या पुढे केल्या. डॉक्टर थांबला. सगळ्या बायका मामाजींकडे वळल्या.

मामाजींनी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही.

"भाऊ?" काकू म्हणाल्या.

मामाजींची बोटं गुडघ्यावर पान उलटल्यासारखी हलत होती. डॉक्टर मुद्दाम थांबला होता, अडकले होते ते मामाजी. भिंतीकडे तोंड करून बसायचे तेव्हाचा चेहरा मला परत दिसला, आणि मला तो सहन होईना. त्यांची नजर खोलीभर फिरली आणि माझ्यावर आली. पडद्याखाली इंग्रजीत अक्षरं उमटली होती, मला ते घर हवं होतं. मी ओठ मोठे केले आणि आवाज न करता भलतंच म्हटलं.

मामाजींनी ते वाचलं.

"घाला बेड्या, साहेब! पण खऱ्या खुन्याचं नाव माझ्यासोबतच सरणावर जाईल!"

गल्लीच्या टोकापर्यंत गेलं असेल ते. पुढचं त्यांचं त्यांनी रचलं, नाव न घेता दिराचं पाप, विधवेला दिलेला शब्द, सगळं. काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

"बाई," त्यांनी नाक ओढत मला विचारलं, "तसंच लिहून आहे का खाली?"

"तसंच आहे," मी म्हणाले.

सगळ्या गेल्यावर मी डिस्क पुसून डबीत ठेवत होते. मामाजी उठले, खुंटीवरची पिशवी काढली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा उघडली. खडीसाखरेचा एक खडा माझ्या हातावर ठेवला.

"ओठ बरे हालवते तू," ते म्हणाले. "पन ओळ उशिरा दिली. एक श्वास आधी याले पायजे."

"बरं, मामाजी."

"आता पुस्तक तू धरत जाय. मी बोलीन."

मी खडा तोंडात टाकला. त्यांनी टॉर्च आणि मफलर काढून फळीवर ठेवले आणि रिकामी पिशवी मला धुवायला दिली.